अ‍ॅझ्टेक म्हणजे फक्त नरबळी? (चर्चा)

कोरांटी

परवा एकादशीला आमची नववीतली लेक राजगिऱ्याची चिक्की तोंडात टाकत म्हणाली, "आई, ते अ‍ॅझ्टेक लोक माणसांची हृदयं काढायचे ना गं?" कुठल्याशा व्हिडिओत बघितलं होतं. म्हटलं, हो, काढायचे. आणि तू खातेयस ना, तो राजगिरा पण मूळचा तिकडचाच. पोरगी अर्धी चिक्की हातात धरून बघतच राहिली.

खरंच आहे ते. मेक्सिकोत आजही फुलवलेला राजगिरा पाकात घालून वड्या थापतात. नाव 'अलेग्रिया', म्हणजे आनंद. टोमॅटो, चॉकलेट, अ‍ॅव्होकाडो हे शब्द त्यांच्या नाहुआत्ल भाषेतून निघून स्पॅनिशमार्गे जगभर गेले. ती भाषा आजही दहा लाखांहून जास्त लोक घरात बोलतात. आणि आपल्याला आठवतं काय, तर पिरॅमिडच्या पायऱ्यांवरून गडगडत येणारं मुंडकं.

म्हणून हा धागा. नरबळी झालेच नाहीत असं मी म्हणत नाहीये, आधीच सांगून ठेवते. पण त्यांची राजधानी तेनोच्तित्लान (आजची मेक्सिको सिटी), दीड-दोन लाख वस्तीचं शहर, तेही तळ्याच्या मधोमध, रोज सकाळी उठून करत काय होतं? मेंदोसा कोडेक्स नावाची १५४१ च्या सुमाराची चित्रपोथी आहे, सध्या ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात. तिच्यात मुलं वाढवण्याची चित्रं आहेत. प्रत्येक मुलाशेजारी वयाचे निळे ठिपके आणि समोर त्याच्या वाट्याची मक्याची भाकरी. तीन वर्षांच्याला अर्धी. चार-पाचला एक. सहा ते बारा दीड. तेरा-चौदाला दोन. पोरं काय काम करतात तेही आहे: पाच वर्षांचा मुलगा हलकी मोळी वाहतोय, सातव्या वर्षी मासे धरायला शिकतोय, मुलगी चातीवर सूत काततेय. अकराव्या वर्षी ऐकलं नाही तर मिरच्यांची धुरी! पोराच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय, तेसुद्धा काढलंय. एवढ्या बारकाईने लेकरांच्या भाकऱ्या मोजणाऱ्या समाजाची ओळख आपण एका सुरीवर का संपवतो?

टिकावफावडं

कोरांटीताई, लिहिलंय छान, पण पटलं नाही. भाकऱ्या मोजल्यात, मान्य. त्याच शहराच्या मुख्य देवळाशेजारी कवट्याही मोजून लावल्या होत्या.

हे आता ऐकीव राहिलेलं नाही. २०१५ मध्ये मेक्सिको सिटीत जुन्या घराखाली खणताना त्सोम्पान्त्ली सापडली, म्हणजे कवट्यांची मांडणी, आणि तिला लागून चुन्यात बसवलेला कवट्यांचा गोल बुरूज. २०२० पर्यंत सहाशेच्या वर कवट्या मोजून झाल्या होत्या. फक्त पकडून आणलेले योद्धे असतील असं वाटत होतं, पण त्यात बायका आहेत, मुलं आहेत. मुख्य देवळाच्या आवारातच पावसाच्या देवाला, त्लालोकला, दिलेल्या एका अर्पणात ४२ मुलांची हाडं मिळाली. १४५० ते ५४ च्या दुष्काळाशी त्याचा संबंध लावतात. ही मुलंसुद्धा कधीतरी अर्धी भाकरी खाऊनच वाढली असतील ना?

"रोजचं जगणं वेगळं आणि बळी वेगळे" ही फाळणी तुम्ही केलीत. त्यांना ती कळली नसती.

बोरूवाला

आकडे निघालेच आहेत तर दोन शब्द. १४८७ मध्ये आवित्सोत्ल राजाने वाढवलेल्या देवळाचा सोहळा केला, त्यात चार दिवसांत ८०,४०० बळी दिले असं दुरान या स्पॅनिश धर्मगुरूने नंतर लिहून ठेवलं. कॅलक्युलेटर काढा. चार दिवस, रात्रीचीही झोप न घेता, म्हणजे मिनिटाला चौदा. दगडी सुरीने. निम्म्या लेखांत हा आकडा आजही जसाच्या तसा फिरतोय.

लिहिणारे कोण, तेही बघा. स्वारीसाठी आलेले सैनिक आणि धर्मांतरासाठी आलेले धर्मगुरू. समोरचा समाज जितका राक्षसी, तितकी स्वारी पवित्र. गोवेकर मंडळींना हे वेगळं सांगायला नको. तिथे पोर्तुगीज १५१० ला, मेक्सिकोत स्पॅनिश सेनापती कोर्तेस १५१९ ला. काळही तोच, लेखणीही त्याच वळणाची.

टिकावफावडं

मी ऐंशी हजार म्हटलेलंच नाही. सहाशे म्हटलं. हाडांना धर्मगुरू लागत नाही.

आणि सगळे स्पॅनिश लेखक एका दावणीला बांधू नका. तुमच्या लाडक्या भाकऱ्यांचं चित्र स्पॅनिश दरबारासाठीच काढलं गेलं. साहागुन धर्मगुरूच होता, पण त्याने नाहुआ लेखक आणि म्हाताऱ्या जाणत्यांना हाताशी धरून त्यांच्याच भाषेत बारा खंड लिहवून घेतले. पाककृतीसाठी तो विश्वासू आणि बळींसाठी खोटारडा, असं कसं चालेल?

बोरूवाला

हा मुद्दा घेतला. माझी तक्रार आकड्याबद्दल आहे, घटनेबद्दल नाही.

फुकटफौजदार

मी आपला पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कोरांटी

@फुकटफौजदार, पॉपकॉर्नही त्यांच्याकडे होतेच. सणाला लाह्यांच्या माळा घालून नाचायचे. बसा.

जोंधळा

मी शेतीवाला, मला त्या कवट्यांतलं कळत नाही. चिनांपांबद्दल मात्र बोलणार, कारण त्यांना 'तरंगती शेती' म्हणून म्हणून लोकांनी वाट लावलीय. ती तरंगत नाही हो. तळ्याच्या उथळ भागात लांबट पट्टे आखायचे, कडेने मेढी ठोकायच्या, आत गवत-पाणवनस्पती आणि तळाचा गाळ थरावर थर टाकत पाण्याच्या वर आणायचं. कडेला वाळुंजाच्या जातीची झाडं लावायची, मुळं बांध धरून ठेवतात. दोन वाफ्यांमध्ये होडी जाईल एवढा कालवा. ओल खालून येते, पाणी द्यायची कटकट नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांची रोपवाटिका. वाफ्याच्या एका कोपऱ्यात ओल्या गाळाचा थर पसरायचा, जरा आवळला की सुरीने चौकोन पाडायचे, बर्फीसारखे. प्रत्येक चौकोनात एक बी. रोप आलं की चौकोनासकट उचलून लावायचं. मुळाला धक्का नाही, मर नाही. आम्ही हेच प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, कोकोपीट विकत आणून करतो आणि त्याला आधुनिक म्हणतो. मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोला आजही काही लोक गाळाचेच चौकोन पाडतात.

तळ्याचा पूर्वेकडचा भाग खारट. खारं पाणी गोड्यात मिसळू नये म्हणून १४४९ च्या सुमारास शेजारच्या तेश्कोको नगराचा राजा नेसावालकोयोत्ल याच्या सल्ल्याने पंधरा-सोळा किलोमीटरचा बांध घातला. पिण्याचं पाणी चापुल्तेपेकच्या झऱ्यांवरून पाटाने, आणि पाट दुहेरी: एक धुवायला काढला की दुसरा चालू. आमच्या गावची टाकी धुवायला काढली की तीन दिवस टँकर.

आणि सोनखत! बाजाराजवळच्या खाडीत माणसांच्या मैल्याने भरलेल्या होड्या विकायला उभ्या असायच्या, असं कोर्तेससोबतचा सैनिक बेर्नाल दियाझ लिहितो. कातडी कमवायला जायचं ते, आणि मळ्यातही. त्याच काळात युरोपातल्या शहरांत ते रस्त्यावर फेकत होते. कोण रानटी ते ठरवा.

चकवा

शीर्षकात नाही पण प्रतिसादांत कुणीतरी 'प्राचीन' म्हणेल, म्हणून आधीच सांगतो. तेनोच्तित्लान वसलं १३२५ मध्ये. तेव्हा आपल्याकडे देवगिरीचे यादव संपून काही वर्षं झाली होती आणि नामदेव महाराज हयात होते. ते लोक स्वतःला अ‍ॅझ्टेक म्हणतही नसत, मेशिका म्हणत. 'मेक्सिको' त्यावरूनच.

टिकावफावडं

जोंधळा, शेती लाजवाब, वाद नाही. पण एवढ्या वाफ्यांवर ते शहर जगत नव्हतं. मेंदोसा पोथीचा मधला भाग उघडा, भाकऱ्यांच्या आधीचा. पानंच्या पानं खंडणीची यादी. कुठल्या प्रांताने किती कापडाचे तागे, मका, घेवडा, राजगिरा, कोको, पिसं, योद्ध्यांचे पोशाख पाठवायचे. १४२८ मध्ये तेनोच्तित्लान, तेश्कोको आणि त्लाकोपान या तीन नगरांनी मिळून आस्कापोत्साल्को या नगराला लोळवलं, त्यानंतर नव्वद वर्षं हेच. ओढायला जनावर नाही, गाडी नाही. चाक खेळण्यात होतं, रस्त्यावर नव्हतं. हा सगळा माल कपाळाला पट्टा अडकवून माणसं पाठीवर आणायची.

जो प्रांत मानत नाही त्याचं काय? त्लाश्काला हे शेजारचं राज्य बघा. चारी बाजूंनी कोंडलेलं, मीठसुद्धा मिळू द्यायचे नाहीत. १५१९ मध्ये कोर्तेस आला, तेव्हा आधी ते त्याच्याशी लढले आणि मग त्यालाच जाऊन मिळाले. १५२१ च्या वेढ्यात स्पॅनिश होते शेकड्यांत, त्यांच्या बाजूचे स्थानिक हजारो. शेजाऱ्यांनाच शहर नकोसं झालं होतं. ती भाकरी कुणाच्या मक्याची होती, हे चित्रात दिसत नाही.

फुकटफौजदार

चौथाईचा विषय कुणी काढू नका, धागा पेटेल.

कोरांटी

टिकावफावडं, खंडणीचं खरंच आहे. पण नुसत्या खंडणीवर जगणाऱ्या शहरात असा बाजार भरत नाही. त्लातेलोल्कोच्या बाजारात रोज साठ हजार माणसं येतात असं कोर्तेसनेच राजाला कळवलंय. त्याला अतिशयोक्तीची खोड होती, निम्मे धरा. बाजारातच न्यायाधीश बसलेले, खोटं माप सापडलं की फोडून टाकायचे. सुट्टे पैसे म्हणजे कोकोच्या बिया. १५४५ ची त्लाश्कालाची दरयादी आहे: एक टर्की कोंबडी शंभर बियांना, एक तामाल (मक्याच्या कणकेचा वाफवलेला मुटका) एका बीला. आणि नकली बियासुद्धा! साहागुनच्या ग्रंथात लबाड कोकोवाल्याचं वर्णन आहे, मेण, अ‍ॅव्होकाडोची कोय आणि राजगिऱ्याची कणीक वापरून बिया बनवणाऱ्याचं. ही खंडणीखोर छावणी नव्हे, हे मंडईतलं जगणं आहे. रोज एक बी देऊन तामाल घेणारा माणूस मला त्या पायरीवरच्या पुजाऱ्याइतकाच खरा वाटतो.

आणि मका आयता तोंडात पडत नव्हता. दाणे रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून ठेवायचे, सकाळी सालं चोळून काढायची, मग गुडघे टेकून तीन पायांच्या पाट्यावर वाटायचे. त्या चुन्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपीय लोक मका घेऊन गेले, चुना तिथेच विसरले, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा त्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार झाला. ही अक्कल कुणा राजाची नव्हती, वाटणाऱ्या बायकांची होती.

टिकावफावडं

बरं, मग तुमच्या राजगिऱ्यावरच येतो. पीठ मधात किंवा घायपाताच्या रसात मळून ते देवाची मूर्ती करायचे. वित्सिलोपोच्त्ली, युद्धाचा देव, ज्याच्यासाठी हृदयं काढायची, तोच. नंतर ती मूर्ती मोडून लोकांत वाटायचे आणि खायचे. पिठात रक्त घालत असंही काही स्पॅनिशांनी लिहिलंय, ते सोडून देतो. नुसती मूर्ती घ्या. स्वयंपाकघर आणि वेदी यांच्यात भिंत होती कुठे? म्हणूनच धर्मगुरूंची राजगिऱ्यावर वक्रदृष्टी झाली आणि मक्याशी बरोबरी करणारं पीक कोपऱ्यात गेलं. त्यांना नीट कळलं होतं की ते नुसतं धान्य नाही.

बोरूवाला

आता याच पिठाची पुढची गोष्ट. मे १५२०, तोश्कात्लचा सण. कोर्तेस किनाऱ्याकडे गेलेला, शहरात त्याचा सरदार आल्वारादो. साहागुनच्या बाराव्या खंडात नाहुआ माणसांनी सांगितलंय: वर्षभर व्रत केलेल्या बायकांनी राजगिरा दळला, काटक्यांच्या सांगाड्यावर कणकेने देवाचं अंग चढवलं, कानांत कुंडलं घातली. दुसऱ्या दिवशी लोक नाचायला जमले. निःशस्त्र. स्पॅनिशांनी आवाराच्या वाटा अडवल्या आणि आधी ढोल वाजवणाऱ्याचे हात तोडले. मग बाकीच्यांना कापलं.

त्या दिवशी त्या देवासमोर बळी गेले ते असे. कुणी दिले?

टिकावफावडं

हे वाचून गप्प बसलो होतो काल रात्रभर. तरी मत बदललेलं नाही. आल्वारादो खुनी होता म्हणून ती ४२ मुलं परत येत नाहीत.

कोरांटीताई, एक विचारतो. व्हिडिओत एकच वाक्य होतं, ठीक. तुमच्या हातात एकच वाक्य असतं तर लेकीला कुठलं सांगितलं असतं?

कोरांटी

तीन वर्षांच्या मुलाला अर्धी भाकरी.

टिकावफावडं

आणि माझं, मका कुणाच्या पाठीवरून आला.

जोंधळा

दोन्ही एकाच पोथीत आहेत, पंधरा-वीस पानं उलटायची फक्त.

कोरांटीताई, तेवढं चिक्कीचं प्रमाण टाका. आमच्याकडे पाक कच्चा राहतो आणि वड्या सुटतात.

कोरांटी

वाटीभर गूळ असेल तर लाह्या तीन वाट्या. पाकाचा थेंब पाण्यात टाकून बघायचा, वाकला तर अजून ठेवायचा, कट्कन तुटला की लाह्या घालायच्या. ताटाला तूप आधीच लावून ठेवा, नंतर वेळ मिळत नाही.