विषारी गाळ उपसतात की झाकतात?

मुलगा अमेरिकेत सिराक्यूजला शिकतोय, काल व्हिडिओ कॉलवर तिथला ऑनोंडागा लेक दाखवला, पाणी छान दिसतं पण म्हणे तळाशी पारा होता, मग साफ केलं म्हणजे नक्की काय केलं?

> दोन्ही. २०१२ ते २०१४ ड्रेजिंग म्हणजे तळाचा गाळ उपसणं, तो गाळ पाइपलाइनने लांब नेऊन भल्यामोठ्या कापडी पिशव्यांत भरला आणि पाणी निथळवलं, शिवाय तळावर बऱ्याच ठिकाणी वाळूखडीचा थर.

> थर म्हणजे पांघरूणच की!

> अहो सगळा उपसायला गेलात तर ढवळून पारा वर येतो. तळाशी ऑक्सिजन संपला की बॅक्टेरिया त्याचा मिथाइलमर्क्युरी म्हणजे पाऱ्याचं जास्त विषारी रूप करतात, तोच माशांत साठतो, तो बनू नये म्हणून तिथे खोल पाण्यात नायट्रेट सोडतात.

बापरे, आमचा तर गळ घेऊन बसतो!

> बसू दे, खायच्या आधी सरकारी सूचना वाच म्हणावं.