राहिलेलं बक्षीस मागायचं कसं? पुढच्या ओपनच्या आधी खेळाडूंनी मिळून बोलायचं म्हणतोय

टेबल_नंबर_चार (बेळगाव)

नमस्कार मंडळी. मी टिळकवाडीतल्या एका स्नूकर पार्लरात मार्कर आहे आणि स्वतःही खेळतो. दिवसभर दुसऱ्यांचे स्कोअर लिहायचे, टेबल ब्रश करायचं, रात्री शटर अर्धं ओढलं की आमची प्रॅक्टिस. हुबळी, कोल्हापूर, सांगली, गोवा, जिथं ओपन (कुणालाही एंट्री भरून खेळता येणारी स्पर्धा) असेल तिथं जातो. पगार घरात जातो. एंट्री, क्यूची टिप, एसटीचं तिकीट हे सगळं बक्षिसातून भागवायचं असतं.

गणपतीनंतर आपल्याच भागात एक ओपन झालं. कुणाचं ते सांगत नाही. ६४ चा ड्रॉ, एंट्री १,००० आणि पहिल्या फेरीत हरलेल्याला ८०० भरून री-एंट्री. पोस्टरवर पहिलं बक्षीस ५०,०००, दुसरं २५,०००, सेमीत हरलेल्यांना दहा-दहा आणि हायेस्ट ब्रेकला (एका खेपेत सलग केलेले सर्वाधिक गुण) ५,०००. मी फायनल हरलो. त्याचं काही नाही, समोरचा त्या दिवशी चुकतच नव्हता. स्टेजवर मला दाराएवढा थर्माकोलचा चेक दिला, पाहुण्यांबरोबर फोटो झाला. तो चेक घेऊन जायला रिक्षावाला तयार होईना. खाली उतरल्यावर हातात ५,००० ठेवले आणि म्हणाले, ‘टीडीएस अडीच हजार कापून बाकीचे सोमवारी फोनवर पाठवतो.’

दिवाळी झाली, संक्रांत झाली. फोन केला की ‘स्पॉन्सरचा चेक अडकलाय.’ मेसेजला हात जोडलेलं चित्र येतं.

आता त्यांचंच पुढचं पोस्टर आलंय, पहिलं बक्षीस ७५,०००! आम्ही बेळगाव, निपाणी, गोकाकचे काही जण आणि कोल्हापूरचे दोघं मिळून ठरवालोय की मागचं मिटल्याशिवाय एंट्री भरायची नाही. पण आपल्या भागात चांगली टेबलं असलेली पार्लरं किती, तुम्हीच सांगा की. संबंध बिघडले तर खेळायचं कुठं? माझे मालक आणि ते आयोजक रोज एकत्र चहा पिणारे, आणि मी पगारी माणूस. पोरं म्हणालेत, ‘फायनलला तू होतास, तूच बोल.’

पैसेही मिळावेत आणि टेबलही सुटू नये असं बोलायचं कसं? कुणी मिळून बोललंय का कधी? काय झालं?

निपाणीचा_पॉटर

फ्लेक्सवर आठ पुढाऱ्यांचे फोटो होते, त्यातल्या एकालाही फोन लावा. मी त्याच स्पर्धेत क्वार्टरला हरलो. तिथं बक्षीस नव्हतं म्हणून वाचलो.

पार्लरवाला_चिक्कोडी

मी पलीकडच्या बाजूचा. ओपन भरवलेलं आहे आणि हात पोळूनही घेतले आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तुमचे आकडे घेऊनच हिशेब बघा. ६४ एंट्रीचे ६४,०००. वीस जणांनी री-एंट्री घेतली असं धरलं तर १६,०००. म्हणजे गल्ल्यात ८०,००० आणि पोस्टरवर बक्षिसं एक लाखाची. त्या ८० मधून टेबलांवरचं कापड बदलायचं, रेफ्रींचं राहणं-जेवण, ट्रॉफ्या, फ्लेक्स, चार दिवसांचं टेबलाचं बुडालेलं भाडं. फायनलच्या दिवशी गल्ला रिकामाच असतो. बक्षीस उभं असतं ते कुणीतरी ‘बघू, देतो की’ म्हटलेल्या शब्दावर. तो शब्द मागं फिरला की आयोजक फोन उचलायचं बंद करतो. सगळेच चोर नसतात, पण खेळाडूच्या पैशावर उधारी मात्र सगळेच चालवतात. कपडेवाल्याचे पैसे कुणी चार महिने थकवून बघावेत, पुढच्या वेळी तो माणूस येणारच नाही. खेळाडू मात्र येतो. म्हणूनच तो शेवटी राहतो.

त्यामुळे जोर लावायचा तो ड्रॉ पडायच्या आधी. एंट्री भरून झाली की तुमच्या हातात काही उरत नाही. त्यांना सांगा: पोस्टरवर ‘गॅरंटीड’ असं लिहा, नाहीतर ‘जमलेल्या एंट्रीच्या इतके टक्के’ असं लिहा. दोन्हीपैकी काहीही चालेल, पण मोघम नको. ७५,००० च्या भूलथापेपेक्षा खरे ४०,००० बरे. एंट्रीचे पैसे दोघांच्या सहीच्या खात्यात जाऊ द्यात, एक सही त्यांची, एक खेळाडूंनी सुचवलेल्या माणसाची. आणि रेफ्रीचं मानधन त्याच दिवशी द्या म्हणावं, त्याचा तर विषयच कुणी काढत नाही.

ग्रुपवर मात्र हे बोलू नका. चार लोकांत मान गेला की माणूस हट्टाला पेटतो. दोघं-तिघं जाऊन समोर बसा. त्यांनी हप्ते मागितले तर द्या, फक्त प्रत्येक हप्त्याला तारीख हवी.

खानापूर_कोर्ट_कट्टा

वकिली करतो, स्नूकर खेळता येत नाही. थोडक्यात सांगतो.

एंट्री फी भरून पोस्टरवरच्या अटीवर खेळलात, म्हणजे तो करार झाला. बक्षीस ही कुणाची मेहेरबानी नाही. आधी बघा, एंट्रीचे पैसे ज्या क्यूआरवर पाठवले तिथं नाव कुणाचं येतं. नोंदणी केलेल्या संस्थेचं असेल तर संस्था आणि पदाधिकारी, एखाद्या माणसाचं असेल तर तो माणूस. पुष्कळ ‘क्लब’ फक्त फ्लेक्सपुरते असतात आणि नोटीस पाठवायला पत्ताच सापडत नाही. पोस्टर, ड्रॉ, निकालाचा फोटो आणि ‘देतो’ म्हणणारे मेसेज जपून ठेवा. फोन बदलला तरी जुना मोडीत घालू नका. मेसेज कोर्टात द्यायचे तर पूर्वी जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली प्रमाणपत्र लागायचं, १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष अधिनियमात ते कलम ६३ मध्ये आहे.

वसुलीच्या दाव्याची मुदत ३ वर्षं. पण २०,००० साठी दाव्यापेक्षा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दावापूर्व अर्ज बरा. फी लागत नाही, समोरच्याला बोलावून घेतात आणि लोकअदालतीत तडजोड झाली की त्यावर अपील नाही.

चेक देत असतील तर नक्की घ्या. तारखेपासून ३ महिन्यांत आपल्या खात्यात भरा. परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, पैसे द्यायला त्यांना १५ दिवस, आणि त्यानंतर महिन्याभरात चेक न वटल्याची कलम १३८ ची तक्रार. २०१५ च्या दुरुस्तीपासून ही तक्रार तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात करता येते. आयोजक कोल्हापूरचा असो की हुबळीचा, चेक बेळगावच्या खात्यात भरला असेल तर केस बेळगावात. आपल्या सीमेवरच्या लोकांना याचा फार उपयोग आहे.

टीडीएसचं म्हणाल तर त्यांनी तुमचा पॅन मागितला होता का? कापून भरला असेल तर तिमाहीचं रिटर्न गेल्यावर आयकर खात्याच्या तुमच्या २६एएस नोंदीत दिसेल आणि कपातीचा दाखला म्हणून १६ए फॉर्म मिळेल. दिसत नसेल तर तेही तुमचेच पैसे.

आणि एक. फ्रेमवर (एका डावावर) आपसात लावलेली पैज या हिशेबात घुसवू नका. करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचे पैसे वसूल होत नाहीत. उगाच समोरच्याला ‘हा सगळा जुगारच होता’ म्हणायला वाव मिळतो.

रंकाळा_नाइनबॉल

कोल्हापूरहून. हे फक्त आपल्याकडंच होतं असं समजू नका. २००६ साली अमेरिकेत रेनोला एटबॉलची (पूलचा एक प्रकार) मोठी स्पर्धा झाली, विजेत्याला पाच लाख डॉलर. फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस जिंकला. नंतर आयोजकांनी कळवलं की पैसे एकदम देता येणार नाहीत, हप्त्यांनी देऊ. पुढं ती स्पर्धा ज्या दौऱ्यातली होती तो दौराच बंद पडला. जगातला सगळ्यात नावाजलेला पूल खेळाडू रांगेत उभा होता, आपण कोण!

आपल्याकडची आणखी एक गोम म्हणजे बेळगावची पोरं कर्नाटकच्या संघटनेची, आम्ही महाराष्ट्राच्या. बेळगावाहून कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटर, बेंगळुरू पाचशे. ओपनला दोन्हीकडचे खेळतात आणि तक्रार निघाली की दोन्हीकडून ‘ही आमची स्पर्धा नव्हे’ असं ऐकायला मिळतं. पोस्टरवर कुठल्या संघटनेची मान्यता आहे का, हे एंट्रीच्या आधी विचारत जा.

कॅम्पातले_आजोबा

आमच्या वेळी बक्षीस म्हणजे कप आणि टाळ्या. खेळ आला तो गोऱ्या साहेबांच्या क्लबातून आणि लष्कराच्या मेसमधून, तिथं पैशाचं बोलणं हलकं समजायचे. विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, कुठल्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारा पहिला भारतीय. ते शब्दशः हौशी अजिंक्यपद होतं. तो संकोच अजून आपल्या अंगात आहे आणि आयोजकांना तो बरोबर ठाऊक आहे. क्लबातला मार्कर साहेबांना शिकवायचा, पण साहेबांबरोबर खुर्चीवर बसायचा नाही. बाळ, तू बोलायला जाशील तेव्हा खुर्ची ओढून बस.

टेबल_नंबर_चार (बेळगाव)

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

आधी माझ्या मालकांच्या कानावर घातलं. बाहेरून कळलं असतं तर वाईट वाटलं असतं त्यांना. ते म्हणाले, ‘जा, पण माझं नाव घेऊ नको.’ मग आम्ही तिघं गेलो. मी, कोल्हापूरचा एक आणि गोकाकचा एक. गोकाकच्याला मुद्दाम घेतलं, कारण आयोजकांचे, म्हणजे अण्णांचे, भागीदार कन्नड बोलतात आणि पैशाचं बोलणं ज्याच्या त्याच्या भाषेत झालेलं बरं. आजोबा, खुर्ची ओढून बसलो.

सुरुवात अशी केली: ‘अण्णा, तुमचं ओपन चांगलं होतं, टेबलं चांगली होती, आम्हाला परत खेळायचंय. मागचं मिटवा आणि पुढचं लिहून द्या, पहिल्या एंट्र्या आमच्या.’ आधी स्पॉन्सरची रडगाणी झाली. मग चिक्कोडीच्या मालकांचा ८०,००० चा हिशेब कागदावर मांडला, तेव्हा भागीदार हसले आणि कन्नडमध्ये अण्णांना काहीतरी म्हणाले. गोकाकच्यानं बाहेर आल्यावर सांगितलं: ‘पोरांना हिशेब येतो, देऊन टाक.’

१०,००० त्याच संध्याकाळी आले. १०,००० चा चेक दिलाय, पुढच्या महिन्याच्या ५ तारखेचा. टीडीएसचं विचारल्यावर पॅन विचारला नव्हता हे त्यांनीच कबूल केलं आणि ती कपात सोडून दिली. सेमीवाल्या दोघांचे पैसे मिटले. नवीन पोस्टरवर आता ४०,००० गॅरंटीड आहे. दोन सह्यांच्या खात्याला मात्र ‘आमच्यावर विश्वास नाही का’ म्हणून नकार दिला. त्याऐवजी एंट्रीचे पैसे माझ्या मालकांकडं जमा करायचे असं निघालं. ‘माझं नाव घेऊ नको’ म्हणणारे मालक आता खजिनदार झालेत, आणि जरा खूशही आहेत.

अडकलंय ते पहिल्या नंबरवाल्याचं. त्याचे ३०,००० राहिलेत. तो पुण्याचा, फोनवर म्हणतो, ‘मी परत तिकडं येणार नाही, तुम्ही तुमचं बघा.’ अण्णा म्हणालेत, ‘त्यानं मागितलेच नाहीत.’ आम्ही सांगितलंय की त्याचे गेल्याशिवाय आमच्याही एंट्र्या नाहीत. यावरून आमच्यातच दोन तट पडलेत, निपाणीचे दोघं भरून मोकळे झाले. ड्रॉ रविवारी आहे. खानापूरचे वकीलसाहेब, त्याच्या वतीनं आम्ही लेखी मागणी करू शकतो का, की त्याचीच सही लागेल?

खानापूर_कोर्ट_कट्टा

त्याचीच सही. पण दोन ओळींचा मेसेज त्याच्या फोनवरून अण्णांना गेला तरी ‘मागितलेच नाहीत’ हे बंद होईल. आज रात्रीच पाठवायला सांगा, आणि बँक खात्याचा नंबर त्यातच लिहू दे.