अनुभव धागा: नरकासुराच्या रात्री परसातल्या कोंबड्या कशा राखता?

दिवाळी महिन्यावर आली. आमच्या गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराचा पुतळा फिरवून पहाटे जाळतात; वाड्यावरच्या पोरांनी त्याच्या सांगाड्यात गवत भरायला घेतलं की हल्ली माझ्या पोटात गोळा येतो. नरकासुरावर माझा राग नाही, लहानपणी आम्हीही पहाटेपर्यंत त्याच्यामागे फिरलोय, त्याला जाळून घरी येऊन पायाखाली कारीट फोडून आंघोळ केलीय आणि मग पाच तऱ्हेचे पोहे. पण गेल्या वर्षी त्या रात्री दीड-दोनच्या सुमाराला कोणीतरी गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून आत आलं, खुराड्याची कडी काढली आणि दार सताड उघडं टाकून गेलं. नेलं काहीच नाही, नुसती मस्ती.

ज्याने दार उघडलं त्याला वाटलं असेल कोंबड्या पळतील, गंमत होईल. पण कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही, ती पळत नाही, बसल्या जागी बसून राहते. फटाक्यांना भ्यालेली चार भटकी कुत्री परसात शिरली आणि पुढचं सांगायला नको. अकरातल्या चार गेल्या. एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली, तेवढी न्हाणीघरामागे सोडणांच्या (नारळाच्या सालींच्या) ढिगात डोकं खुपसून बसलेली सापडली, तिला उचलली तर काळीज इतकं धडधडत होतं की माझा तळहात हलत होता.

आमचा कुत्रा कुठे होता विचाराल तर पलंगाखाली. फटाक्यांच्या रात्री राखणीच्या कुत्र्यावर विसंबू नका, हे माझं पहिलं सांगणं. तुम्ही काय करता ते लिहा, नरकासुर असो, 31 डिसेंबर असो की शिगमो (शिमगा). सगळं वाचणार आहे मी.

– परसातली, डिचोली

---

ताई, वाचून वाईट वाटलं. आधी जाळी बघून घ्या. ती षटकोनी भोकांची कोंबडीजाळी सगळे लावतात, ती कोंबडीला आत ठेवायला बरी पण कुत्र्याला बाहेर ठेवायला नाही, मोठं कुत्रं ती दातांनी फाडतं. मी अर्ध्या इंचाची वेल्डमेश (सांधे जोडलेली कडक तारेची जाळी) घातली, खाली फूटभर बाहेरच्या बाजूला वळवून मातीत पुरली म्हणजे उकरणाऱ्याला आत येता येत नाही. महाग पडली, पण उदमांजराचा त्रासही तेव्हापासून बंद. आणि नुसती कडी नको, कुलूप घाला. मस्ती करायला आलेला पोरगा कुलूप फोडत बसत नाही, फोडायला लागला की ती मस्ती राहत नाही हे त्यालाही कळतं.

– मांद्रेकर

---

माझा अनुभव खुडूक कोंबडीचा. अकरा अंड्यांवर बसवलेली, सतरावा दिवस चालू होता, म्हणजे एकविसाव्याला फक्त चार राहिलेले. नरकासुराच्या रात्री मागच्या पडवीत कोणीतरी लवंगी माळ फेकली आणि ती जी उठली ती अंधारात परत टोपलीकडे आलीच नाही, लाकडांच्या आड गप बसून राहिली. मला कळलं पाचला, आंघोळीचं पाणी तापवायला उठले तेव्हा. अंडी हाताला गार. मी रडायलाच लागले पण सासूबाई म्हणाल्या रडू नको गो, कोंबडीला आण. तिला हळूच उचलून टोपलीत ठेवली, वर डालं झाकलं, बाजूला गोणपाट लावलं. तासाभराने हात घातला तर अंडी ऊबदार. अकरातल्या सहांतून पिल्लं बाहेर आली. म्हणून सांगते, अंडी गार झाली तर लगेच टाकू नका, एवढ्या पुढच्या दिवसांतलं पिल्लू दोन-तीन तासांचा गारवा सोसतं कधीकधी. आता खुडूक असेल तर ती टोपली त्या रात्री माझ्या खोलीत असते.

– वाळपईची सून

---

आमच्या पेडण्यात आजी जुना उपाय करायची. खुराड्यात एक कोंबडा राखणीचा असायचा, राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवचाराला बोललेला, आणि ती ते सगळ्या वाड्यात सांगून ठेवायची. देवचाराच्या कोंबड्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती आणि तो कुठला हे अंधारात ओळखता येत नाही म्हणून सगळंच खुराडं वाचायचं. आजी गेली, आता वाड्यावर निम्मी घरं भाड्याने दिलेली, त्या पोरांना राखणदार ठाऊक नाही. मी सेन्सरवाला दिवा लावलाय, माणूस फाटकात आला की पेटतो. खुराड्यावर मात्र त्याचा उजेड पडू देऊ नका, कोंबडे मध्यरात्री आरवायला लागतात आणि कोंबड्या फांदीवरून उतरतात.

– आजीचा नातू

---

मी दुसऱ्या बाजूने लिहितोय. पंधरा-सोळा वर्षांचा असताना आम्ही पाच जणांनी नरकासुराच्या रात्री एका म्हाताऱ्या बाईच्या दोन कोंबड्या नेल्या. जागरणाला शिजवू म्हणून. पाय धरून उलट्या लटकवून नेल्या, शेतात तीन दगडांची चूल मांडली, एकाच्या घरून मसाला. दुसऱ्या दिवशी ती बाई घरोघर जाऊन विचारत होती, माझ्या आईलाही विचारून गेली. ती अंडी विकून औषधं आणते हे आईने मला नंतर सांगितलं. मी तेव्हा कबूल झालो नाही, ती वारली तरी झालो नाही. ते आजही सलतं.

आता आमच्या मंडळात मी मोठ्यांपैकी आहे. दोन गोष्टी करतो. वर्गणीला पोरं घरोघर जातात तेव्हा कोणाकडे कोंबड्या, कोणाकडे गाय व्यालेली, कोण आजारी हे विचारून यायचं, आणि त्या घरासमोर माळ लावायची नाही, डीजे बंद ठेवून पुढे जायचं. पोरं ऐकतात हो, त्यांना कोणी विचारत नाही एवढंच. ताई, तुमच्या वाड्यावरच्या पोरांना आधी बोलवून चहा द्या आणि त्या चार कोंबड्यांचं सांगा. गडग्यावरून आलेला कदाचित त्यांच्यातच असेल, तोही ऐकेल.

– फोंडेकार

---

आमच्याकडे सासष्टीत ताप 31 डिसेंबरचा. जुन्या वर्षाचा म्हातारा करून रस्त्यावर पैसे मागणारी आमची पोरं काही करत नाहीत. पण शेजारच्या बंगल्यात पार्टीला येणारे रात्री गडगा ओलांडून कोंबड्यांसोबत व्हिडिओ काढायला आले, मोबाईलचा टॉर्च थेट खुराड्यात. कोंबड्या घाबरून एका कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या आणि खालच्या दोन गुदमरून मेल्या. अंगावर जखम नाही काही नाही. तेव्हापासून आम्ही त्या रात्री सगळ्यांना घरातच घेतो. अंधार पडल्यावर उचलायच्या, तेव्हा त्या कुरकुरत नाहीत. मागच्या खोलीत सुकं गवत पसरायचं, खिडकी उघडी पण जाळी लावलेली, कोपऱ्यांत गोणी भरून गोलाई करायची म्हणजे रेटारेटीला कोपराच उरत नाही. सकाळी थोडं गूळपाणी.

– बाल्कांववाली

---

चोरीला गेल्या तर तक्रार द्या, लाजू नका. माझ्या चार गेल्या तेव्हा कोंबड्यांसाठी पोलिसांत काय जातोस म्हणून सगळे हसले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 303(2) मध्ये पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची आहे. पोराचं आयुष्य वाया जाईल या भीतीने आपण गप्प बसतो, अशा चोरीत एवढी भीती धरायचं कारण नाही. ओळख पटायला पायात नंबरची प्लॅस्टिक रिंग घाला आणि फोटो काढून ठेवा. रात्रीच काही झालं तर 112.

– साखळीचा मास्तर

---

सगळ्यांचे मनापासून आभार. एक विचारायचं राहिलं, त्या रात्रीनंतर उरलेल्या सातांतल्या अंड्यावर असलेल्या एकीनेही महिना-दीड महिना अंडं दिलं नाही. धसक्यानेच ना?

– परसातली

---

ताई, थोडा धसका, पण सगळा नाही. भ्यालेली कोंबडी काही दिवस अंडं धरून ठेवते किंवा पातळ कवचाचं देते, ते आठवड्या-दोन आठवड्यांत सावरतं. दीड महिना म्हणजे पिसं झडायचा मोसम. नीट अंड्यावर राहायला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो आणि दिवाळीला आपल्याकडे दिवस साडेअकरा तासांवर येतो. पिसं झडताना बांगड्याची डोकी उकडून द्या, मीठ न घालता. आणि स्वतःला दोष देऊ नका.

– वाळपईची सून

---

बरं वाटलं वाचून. काल संध्याकाळी वाड्यावरची सहा पोरं चहाला बोलावली होती. तलंग आता अंड्यावर आलीय, तिला मांडीवर घेऊन बसले आणि सगळं सांगितलं. एकजण पूर्ण वेळ खाली बघत होता, मी काही विचारलं नाही. जाताना तोच थांबला आणि म्हणाला, मावशी, त्या रात्री मी तुमच्या पडवीत झोपू? मी हो म्हटलंय. चटई काढून ठेवलीय. पितळी कुलूपही आणलं, एक चावी देवाच्या फळीवर आणि दुसरी त्या रात्री त्याच्याकडे देणार आहे.

– परसातली