शब्दचर्चा: स्कूबातलं ‘वजन’ – शिसं, नीरम की पासंग?

शब्दवेडी
मालवण-तारकर्लीत स्कूबा (हवेचा सिलिंडर पाठीवर घेऊन पाण्याखाली जाणं) शिकणाऱ्या मुलांसाठीच्या मराठी हस्तपुस्तिकेचं संपादन चालू आहे. बोटीवर बोललं जातं ते असं: ‘वेट कमी कर’, ‘ट्रिम वेट वर घे’, ‘बेल्ट ड्रॉप कर’. मसुद्यात तिन्ही ठिकाणी ‘वजन’ आलंय आणि घोळ होतोय. अंगावर बांधायचं तेही वजन, माणसाचं स्वतःचं तेही वजन आणि पाण्यात जाणवतं तेही वजन. बॉयन्सी (पाण्यात तरंगणं-बुडणं), वेट (खाली जायला बांधायचे ठोकळे), ट्रिम (पाण्यात अंग कुठल्या बाजूला झुकतं ते), डिचेबल (अडचणीत टाकून देता येणारं वजन) आणि हार्नेस (सिलिंडर पाठीला बांधायचे पट्टे) या पाच शब्दांना काय म्हणावं? बीसीडी (हवा भरून-सोडून तरंगणं सांभाळायचं जॅकेट), सिलिंडर, रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं यंत्र), बार (दाबाचं एकक) हे सगळ्यांच्या तोंडी बसलेत, ते तसेच ठेवणार आहे.

तांडेल
वेटला सरळ ‘शिसं’ म्हणा. हातात घेऊन दाखवता येणारी वस्तू आहे. ‘दोन किलो शिसं काढ’ म्हटलं की माणसाच्या वजनाशी गल्लत होत नाही. फक्त एक तळटीप हवी: ठोकळ्यावर लिहिलेलं वजन हवेतलं असतं. पाण्यात गेलं की शिसंही आपल्या आकारमानाइतकं पाणी बाजूला सारतं, त्यामुळे १ किलोचा ठोकळा समुद्रात खाली ओढतो तो साधारण ९१० ग्रॅमनंच.

भौतिकी
बॉयन्सीला शाळेच्या पुस्तकात ‘प्लावक बल’ आहे, पण तो शब्द इथे पुरत नाही. प्लावक बल म्हणजे पाण्यानं वर ढकलण्याचा जोर. पाणबुड्याला लागते ती वजाबाकी: वरचा जोर उणे खालचं वजन. त्यासाठी ‘तरता’, ‘बुडता’ आणि ‘समतोल’ ही साधी विशेषणं घ्या आणि आकडा जोडून वापरा.

नेहमीचा ११.१ लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर, तोच ज्याला ८० घनफुटांवरून ‘एटी’ म्हणतात, भरलेला असताना समुद्रात सुमारे ७०० ग्रॅम बुडता असतो. ५० बार उरले की तोच १.३ किलो तरता होतो आणि पूर्ण रिकामा झाला तर २ किलोच्या आसपास तरता. सिलिंडरचा आकार बदलत नाही, आतली हवा कमी होते. हवेलाही वजन असतं, २०० बारच्या भरलेल्या सिलिंडरात अडीच किलोच्या वर हवा असते. ‘पॉझिटिव्ह-निगेटिव्ह’ म्हटलं की मुलं चिन्हांत अडकतात. ‘१.३ किलो तरता’ म्हटलं की तेवढं दाबायला शिसं हवं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

गलबत
‘शिसं’वर एक हरकत. बॅकप्लेटवाला (पाठीवर धातूची पाटी असलेला) हार्नेस घेतला तर स्टीलची प्लेटच साधारण २ ते ३ किलोची असते, ॲल्युमिनियमची त्याहून बरीच हलकी. स्टीलचा सिलिंडर रिकामा झाला तरी बहुधा तरता होत नाही. हे सगळं खाली ओढणारंच सामान, पण त्यात शिसं कुठाय? या बेरजेला आपल्याकडे जुना शब्द आहे, ‘नीरम’. गलबतात माल नसला की ते डोलू नये म्हणून तळाशी दगड-वाळू भरत, ते नीरम. ‘एकूण नीरम ६ किलो, पैकी प्लेट २ आणि शिसं ४’ असं लिहिता येईल. प्लेट विसरून पूर्वीइतकंच शिसं घेणं ही जॅकेटसारख्या बीसीडीवरून प्लेटवर येणाऱ्यांची ठरलेली चूक आहे. जॅकेटचं फोम आणि अस्तर स्वतःच थोडं तरतं असतं, त्यामुळे फरक प्लेटच्या वजनाहूनही मोठा पडतो.

तांडेल
नीरम आजच्या मुलांना माहीत नाही, पण बेरजेच्या तक्त्यासाठी घ्यायला हरकत नाही. रोजच्या सूचनेत शिसंच राहू द्या.

खडपी
शब्द ठरतील, पण पुस्तिकेत ‘योग्य वजन’ हा शब्दप्रयोग आहे का? असेल तर त्याची व्याख्या आधी द्या, नाहीतर प्रत्येक जण आपापली लावेल. ‘सहज खाली जाता येतं ते योग्य’ असं पुष्कळ जण समजतात आणि तिथूनच सगळं बिघडतं.

नेमकी व्याख्या अशी: डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरात ५० बार असताना, बीसीडी पूर्ण रिकामी करून, ५ मीटरवर साध्या श्वासावर जागच्या जागी राहता येईल इतकं शिसं. त्याहून जास्त नाही. ५ मीटरच का? वर येण्याआधी तिथं ३ मिनिटं थांबायचं असतं, आणि त्याच वेळी सिलिंडर सगळ्यात हलका झालेला असतो. ते जमलं नाही तर माणूस वर सुटतो.

पाण्यात उतरतानाची चाचणीही लिहा. सूट आधी पूर्ण भिजू द्या. कोरड्या निओप्रिनमध्ये (सूटच्या फोमसारख्या रबरात) आणि बगल-मानेपाशी हवा अडकलेली असते, ती निघून जाईपर्यंत कोणताही आकडा खरा नाही. मग रेग्युलेटर तोंडात, पाय स्थिर, साधा श्वास घेऊन रोखायचा आणि बीसीडीतली हवा पूर्ण सोडायची. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे. श्वास सोडला की सावकाश खाली जायला हवं. ही चाचणी ५० बारवर केली असेल तर झालं. भरलेल्या ‘एटी’वर केली असेल तर वापरल्या जाणाऱ्या हवेपोटी २ किलो वाढवायचे.

नवशिक्या खाली जात नाही तेव्हा बहुतेक वेळा शिसं कमी नसतं. त्यानं छाती भरून धरलेली असते आणि पाय मारणं थांबवलेलं नसतं. भरलेली छाती आणि रिकामी छाती यांत काही लिटरचा फरक असतो, म्हणजे तितक्याच किलोंचा. अशा वेळी शिसं चढवलं की तो खाली जातो खरा, पण पुढचा सगळा वेळ तो फरक बीसीडीत हवा भरून भरून काढतो.

भौतिकी
खडपींच्या शेवटच्या मुद्द्याला आकडे देते. ४ किलो शिसं जास्त असेल तर १० मीटरवर बीसीडीत सुमारे ४ लिटर हवा जास्त ठेवावी लागते. तिथला दाब २ बार. काही न सोडता ५ मीटरवर आलात तर दाब १.५ बार आणि तीच हवा ५.३ लिटर होते. म्हणजे काहीही न करता १.३ किलो तरतेपणा वाढला. तो आणखी वर नेतो, वर गेलं की हवा आणखी फुगते. शिसं बेताचं असेल तर फुगायला बीसीडीत हवाच नसते. म्हणून ‘जादा शिसं म्हणजे सुरक्षित’ हे वाक्य कुठे शिल्लक असेल तर काढून टाका.

तलाव आणि समुद्राचा फरकही तक्त्यात हवा. समुद्राचं पाणी लिटरमागे सुमारे १.०२५ किलो. माणूस आणि साहित्य मिळून १०० किलो असेल तर जलतरण तलावातून समुद्रात येताना साधारण अडीच किलो शिसं वाढतं. तलावात सराव करून थेट सिंधुदुर्ग किल्ल्यापाशी उतरणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो ५ मीटरवर टिकणार नाही.

शब्दवेडी
हे सगळं घेते. आता ट्रिम. मसुद्यात ‘संतुलन’ आहे, पण समतोलही आलाय, दोन्ही एकच वाटतात.

गलबत
ट्रिमला ‘कल’. ‘कल पायांकडे आहे’, ‘कल डोक्याकडे आहे’, ऐकलं की कळतं. आणि कल सुधारायला लावायच्या ठोकळ्याला आपल्याकडे तयार शब्द आहे: पासंग. तराजूची पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला अडकवतात ते. वाक्प्रचारामुळे ‘पासंगालाही पुरत नाही’ म्हणजे क्षुल्लक असा भाव चिकटलाय, पण इथे तो चालतो, कारण ट्रिमचा ठोकळा लहानच असतो. मुख्य म्हणजे पासंगानं मालाचं माप बदलत नाही, तसं ट्रिम करताना एकूण शिसं बदलायचं नसतं. कमरेचं काढायचं आणि वर लावायचं. हे न कळल्यानं लोक पासंग म्हणून नवा किलो वाढवतात.

खडपी
पासंग पसंत. आता तो कुठे लावायचा ते. छातीत फुप्फुसं, म्हणजे तरती बाजू वर, आणि शिसं कमरेला. त्यामुळे बहुतेकांचे पाय खाली जातात आणि तळाची वाळू उडते. तपासायचं ५ मीटरवर: गुडघे वाकवून, हात पुढे ठेवून, फिन्स अजिबात न हलवता १०-१५ सेकंद थांबायचं. पाय खाली गेले तर कमरेतला १ किलो सिलिंडरच्या वरच्या पट्ट्यावरच्या खिशात न्या, अर्धा-अर्धा दोन्ही बाजूंना. डोकं खाली जात असेल तर उलट. एका कुशीवर वळत असाल तर दोन खिशांतलं शिसं असमान आहे किंवा टॉर्च-कॅमेऱ्याचा भार एकाच बाजूला आहे.

स्टीलचा सिलिंडर पट्ट्यात दोन-तीन बोटं वर-खाली केला तरी कल बदलतो. ॲल्युमिनियमचा पाण्यात समतोलाच्या जवळपास असतो, तो सरकवून फारसं हाती लागत नाही, तिथं पासंगच लागतो. आणि नायलॉनचा पट्टा ओला झाला की सैल पडतो. तो आधी भिजवायचा, मग आवळायचा. कोरड्यावर आवळलेल्या पट्ट्यातून सिलिंडर पाण्यात निसटतो, पासंगाचा खिसाही त्याबरोबर खाली घसरतो.

शब्दवेडी
डिचेबलला मसुद्यात ‘टाकाऊ वजन’ झालंय.

तांडेल
ते आजच बदला! टाकाऊ म्हणजे निरुपयोगी, कोणी तरी खरंच घरी ठेवून येईल. जाळं विणणाऱ्यांच्या घरातल्या मुलांना सुरगाठ आणि निरगाठ शिकवावी लागत नाही. ‘हा पट्टा सुरगाठीचा असतो, एका हाताच्या एका ओढीत सुटला पाहिजे’ असं लिहा आणि त्यातल्या ठोकळ्यांना ‘सुटतं शिसं’ म्हणा. वरच्या पट्ट्यावरचा पासंग तो ‘जखडलेलं शिसं’.

दोन्हींची वाटणी कशी, हेही सांगा. एकूण ६ किलो असेल तर ४ सुटतं, दोन्ही खिशांत २-२, आणि २ जखडलेलं. बीसीडी फाटली तर सुटतं टाकून पाण्यावर तरंगता आलं पाहिजे, म्हणून सगळं जखडायचं नाही. तळाशी सगळं एकदम सुटलं तर माणूस आवरत नाही, म्हणून सगळं सुटतंही ठेवायचं नाही.

खिशाची कडी ‘टक्’ वाजली की पुरे नाही, खिसा खालून ओढून बघायचा. वेल्क्रोवाल्या खिशात वाळू आणि मीठ बसलं की पकड जाते. गोड्या पाण्यानं धुऊन ब्रशनं घासून ठेवायचा.

भौतिकी
हार्नेसला ‘साज’ म्हणावंसं वाटतं, पण तो घोड्याचा. ‘हार्नेस’च ठेवा.

शब्दवेडी
शिशाच्या पट्ट्याचा उतारा नव्यानं लिहिलाय, बघा: “पट्टा ५ सेंमी रुंदीचा. ठोकळ्याच्या एका खाचेतून पट्टा घालून, एक पीळ देऊन दुसऱ्या खाचेतून काढावा, म्हणजे ठोकळा सरकत नाही. ठोकळे कमरेच्या दोन्ही बाजूंना सारखे, मणक्यावर नकोत. बकल उजव्या हातानं उघडेल असं ठेवावं. पट्टा बांधून मग बीसीडी चढवावी आणि जांघेतला पट्टा आवळावा.”

खडपी
शेवटचं वाक्य धोक्याचं आहे. या क्रमानं बांधलं तर जांघेतला पट्टा शिशाच्या पट्ट्यावरून जातो. बकल सुटलं तरी शिसं त्यात अडकून मांड्यांमध्ये लोंबकळतं, खाली पडत नाही. आधी हार्नेस, मग जांघेतला पट्टा, शिशाचा पट्टा सगळ्यांच्या वरून आणि सगळ्यांत शेवटी. बकलबाहेर १५-२० सेंमी शेपूट मोकळं सोडा, ते कुठेही खोचू नका. आणि एक ओळ वाढवा: खाली गेल्यावर सूट दबून कंबर बारीक होते, तेव्हा पट्टा पुन्हा आवळायचा, नाहीतर बकल पाठीमागे फिरतं आणि हवं तेव्हा हाताला लागत नाही.