वाशीचा फोन रजिस्टर होतोय, पण आवाज एकाच बाजूने आणि अर्ध्या मिनिटात कॉल कट

हळदपेढी
नमस्कार मंडळी, सांगलीला मार्केट यार्डात आमची हळदीची पेढी आहे आणि वाशीला एक छोटं ऑफिस. सांगलीत एका पीसीवर फ्रीपीबीएक्स (ऑफिसचं टेलिफोन एक्सचेंज चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलाय, आयपी १९२.१६८.१.१०, पेढीतले सगळे एक्स्टेंशन (आतले फोन नंबर) मस्त चालतात. आता वाशीलाही एक आयपी फोन लावलाय. सांगलीच्या लाइनला स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घेतलाय, राउटरमधून ५०६० आणि १०००० ते २०००० हे यूडीपी पोर्ट सर्व्हरकडे फॉरवर्ड केलेत. फोन रजिस्टर होतो, रिंग जाते, पण वाशीवाल्यांना आमचं ऐकू जातं आणि आम्हाला त्यांचं काहीच नाही. त्यात वाशीहून लावलेला कॉल साधारण अर्ध्या मिनिटात आपोआप कट होतो, इकडून लावला तर कट होत नाही पण आवाजाचं तेच. आणि त्यांनी तिकडे फोन ठेवला तरी आमच्याकडे लाइन चालूच राहते! सौदे चालू असताना भाव विचारायला हीच लाइन लागते हो, तिथे समोरचा काय बोलला तेच कळलं नाही तर माल हातचा जातो. नेटवाले म्हणतात स्पीड येतोय ना, मग आमच्याकडून ओके. नक्की कुठे बघू?

तारजोडणी
हळदपेढी भाऊ, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिलीत की निम्मं काम झालंय. स्पीडचा इथे काही संबंध नाही, हे नॅटचं प्रकरण आहे, म्हणजे राउटर आतले खाजगी पत्ते बाहेरच्या पब्लिक पत्त्यात बदलतो त्याचं.

सिप हा प्रोटोकॉल फक्त कॉल जुळवतो, आवाज आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलने वेगळ्या पोर्टवरून जातो, आणि तो कुठे पाठवायचा तो पत्ता सिपच्या मेसेजच्या आत लिहिलेला असतो. राउटर पाकिटावरचा पत्ता बदलतो, आतल्या चिठ्ठीला हात लावत नाही. तुमच्या सर्व्हरने आत १९२.१६८.१.१० लिहिलं असणार आणि वाशीचा फोन इमानदारीत तिथेच आवाज पाठवतोय, म्हणजे वाशीच्याच नेटवर्कमध्ये. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी आहेत, ते घरोघरी तेच असतात, तिकडे १० नंबरवर एखादा प्रिंटर पण असू शकतो.

कट होण्याचं कारणही तेच. वाशीने कॉल लावला, तुम्ही उचलला, सर्व्हरने २०० ओके पाठवलं, त्याची पोच म्हणजे ॲक यायला पाहिजे. फोन तो ॲक त्या ओकेमधल्या कॉन्टॅक्ट नावाच्या ओळीत लिहिलेल्या पत्त्यावर पाठवतो, तिथेही १९२.१६८.१.१०, मग सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. सर्व्हर परत परत ओके पाठवत राहतो आणि ३२ सेकंदांनी कॉल सोडून देतो. हे ३२ सिपच्या स्टँडर्डमधूनच आलंय, अर्ध्या सेकंदाचा टायमर गुणिले ६४. म्हणून कॉल ३०-३२ सेकंदांना कटला की आधी ॲक शोधायचा. तुम्ही इकडून लावता तेव्हा ॲक सर्व्हर पाठवतो, म्हणून तो टिकतो. आणि वाशीने फोन ठेवल्यावरचा बाय मेसेजपण त्याच चुकीच्या पत्त्यावर जातो, म्हणून तुमची लाइन अडकून राहते.

खात्री करायला ॲस्टरिस्कच्या (फ्रीपीबीएक्सच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) कन्सोलवर "पीजेसिप सेट लॉगर ऑन" द्या, वाशीहून एक कॉल लावायला सांगा आणि दोन्ही बाजूंच्या मेसेजमधली "सी=" ने सुरू होणारी ओळ, म्हणजे आवाजाचा पत्ता, इथे टाका. पब्लिक आयपी मात्र खोडून टाका.

हळदपेढी
खूप खूप आभार दादा. बघितलं, सर्व्हरच्या २०० ओके मध्ये १९२.१६८.१.१० च आहे. पण वाशीच्या फोनकडून आलेल्या मेसेजमध्ये तिकडचा पब्लिक आयपी दिसतोय, फोनचा स्वतःचा आयपी तर १९२.१६८.१.३४ आहे आणि त्यात स्टन (फोनने आपला पब्लिक आयपी शोधायची सोय) वगैरे सगळं बंद आहे. हे कसं काय?

पॅकेटशोध्या
मध्ये बोलतो. फोनने स्वतः पब्लिक आयपी लिहिला नाही म्हणजे वाशीच्या राउटरमधलं सिप एएलजी चालू आहे, तेच चिठ्ठी उघडून पत्ता बदलतंय. त्याच्यामुळेच तुमचा आवाज तिकडे पोचतोय. पण त्याच्यावर विसंबू नका, बऱ्याच राउटरमध्ये ते अर्धवट लिहिलेलं असतं, एक हेडर बदलतं आणि दुसरं तसंच सोडतं, मग रजिस्ट्रेशन गायब होणं वगैरे सुरू होतं. दोन्हीकडे बंद करा.

मग फ्रीपीबीएक्समध्ये ॲस्टरिस्क सिप सेटिंग्ज उघडा, एक्स्टर्नल ॲड्रेसमध्ये सांगलीचा स्टॅटिक आयपी आणि लोकल नेटवर्क्समध्ये १९२.१६८.१.०/२४. त्यानंतर नुसतं अप्लाय करून थांबू नका, ॲस्टरिस्क पूर्ण रिस्टार्ट करा, नाहीतर ट्रान्सपोर्टचा बदल लागू होत नाही आणि माणूस उगाच दुसरीकडे शोधत बसतो. वाशीच्या एक्स्टेंशनला आरटीपी सिमेट्रिक, रीराइट कॉन्टॅक्ट, फोर्स आरपोर्ट तिन्ही यस, आणि डायरेक्ट मीडिया नो. एएलजी गेल्यावर फोन आपला खाजगी पत्ताच पाठवणार, पण सिमेट्रिक असलं की पॅकेट जिथून आलं तिथेच सर्व्हर आवाज परत पाठवतो. डायरेक्ट मीडिया चालू राहिलं तर सर्व्हर मधून बाजूला व्हायला बघतो आणि दोन फोन नॅटमधून एकमेकांना शोधत बसतात.

हळदपेढी
झालं!! दोन्ही बाजूंनी आवाज एकदम क्लिअर, वाशीहून लावलेला कॉल कटत पण नाही आणि त्यांनी ठेवला की इकडे लगेच बंद. आता एकच राहिलंय, वाशीचा फोन बराच वेळ वापरला नाही की इकडून लावल्यावर वाजतच नाही, पण त्यांनी एकदा कुठेही कॉल केला की परत वाजायला लागतो.

तारजोडणी
वाशीचा राउटर यूडीपीची नोंद थोडा वेळच ठेवतो, काही राउटर ३० सेकंदांतच पुसतात, आणि फोन रजिस्ट्रेशन तासाने नवं करत असेल तर मधल्या वेळात आत यायची वाटच नाही. फोनमध्ये नॅट कीपअलाइव्ह (नोंद पुसू नये म्हणून फोनने मधूनमधून पाठवायचं छोटं पॅकेट) २० सेकंद ठेवा. सर्व्हरवर क्वालिफाय फ्रिक्वेन्सी (फोन जागा आहे का ते सर्व्हरने किती वेळाने विचारायचं) असते तीही चालू ठेवा, म्हणजे फोन गायब झाला की सर्व्हरलाही कळतं.

पण आता माझं खरं म्हणणं ऐका. ५०६० सगळ्या जगाला उघडा ठेवू नका. लॉग उघडा, तुमच्या ओळखीचे नसलेले आयपी १००, १०१, १०२ असे एक्स्टेंशन धडाधड ट्राय करताना दिसतील. एखादा पासवर्ड सोपा निघाला आणि सर्व्हरला बाहेरची लाइन जोडलेली असली तर रात्रीत परदेशी कॉलचं बिल येतं. आजच्या आज वाशीचं रजिस्ट्रेशन सोडून बाकी सगळ्यांना फायरवॉलमध्ये अडवा, फेल२बॅन (चुकीचे पासवर्ड देत राहणारे आयपी अडवणारं सॉफ्टवेअर) चालू करा.

पॅकेटशोध्या
वाशीची लाइन साधी ब्रॉडबँड असेल तर आयपी बदलत राहणार, फायरवॉलमध्ये तो एकच सोडणं जमणार नाही. वाशीच्या राउटरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघा, १००.६४ ते १००.१२७ मध्ये असला तर ते सीजीनॅट, म्हणजे तो पब्लिक आयपी इतरांबरोबर वाटून घेतलेला. त्यापेक्षा वायरगार्ड (दोन ऑफिसांमध्ये सुरक्षित टनेल बनवणारं व्हीपीएन) टाका. सांगलीला पब्लिक आयपी आहे, तेवढं पुरे, वाशी सीजीनॅटमागे असली तरी चालते कारण कनेक्शन तिकडून सुरू होतं. पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ ठेवा. बाहेर फक्त वायरगार्डचा एक यूडीपी पोर्ट उघडा, ५०६० आणि आरटीपीचं फॉरवर्डिंग दोन्ही काढून टाका.

फक्त त्याआधी वाशीचं नेटवर्क १९२.१६८.२०.० वर न्या, दोन्हीकडे १९२.१६८.१ राहिलं तर टनेलमधून काहीच नीट जाणार नाही. आणि लोकल नेटवर्क्समध्ये १९२.१६८.२०.०/२४ आणि टनेलची रेंज दोन्ही टाका. ते विसरलं की सर्व्हर वाशीला बाहेरचाच समजतो, चिठ्ठीत परत पब्लिक आयपी लिहितो, आणि पोर्ट तर आपण बंद केलेले. वाशीच्या फोनमध्ये सर्व्हरचा पत्ता आता थेट १९२.१६८.१.१० द्या आणि *४३ लावून इको टेस्ट करा, आपलाच आवाज परत ऐकू आला म्हणजे येणंजाणं दोन्ही बरोबर आहे.