मदत हवी आहे: भाऊ ऑस्ट्रेलियाचा नागरिक झाला, सातबाऱ्यावरच्या नावाचं काय?

नमस्कार मंडळी. सिडनीतला धाकटा भाऊ ऑस्ट्रेलियाचा नागरिक झाला, तिकडचा पासपोर्टही आला. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने इकडचं नागरिकत्व आपोआप गेलं. जुना पासपोर्ट सरेंडर करून तो ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) अर्ज करतोय. ते होईल. घोडं अडलंय निफाडच्या द्राक्षबागेपाशी. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर आई, मी आणि तो. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली ठेवता येते, एवढं माहीत आहे. गावातले जाणकार मात्र म्हणतात, "भावाकडून हक्कसोड (हिस्सा सोडल्याचा दस्त) करून मोकळे व्हा." आई ऐकूनच भडकली, आणि माझ्या मते बरोबरच आहे तिचं!

असं नाव कायम ठेवून कुणी सोसायटीचं पीककर्ज काढलंय का? भावाच्या सहीसाठी तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात केलेलं मुखत्यारपत्र बँकेत चाललं का? नाशिकमधला अनुभवी वकीलही सुचवा.