ड्रायव्हरचा कोड कर्नेलच्या कोणत्या डिरेक्टरीत ठेवावा? मदत हवी आहे

रजिस्टरवाला: आमच्या चिपचा ड्रायव्हर (ती चालवणारा कोड) मी कर्नेलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, 'ड्रायव्हर्स/मिस्क' या किरकोळ ड्रायव्हरांच्या डिरेक्टरीत ठेवून पाठवला होता, "जागा चुकली आहे" एवढ्या एका वाक्यावर तो परत आला. कोड बोर्डावर व्यवस्थित चालतो, तीन आठवडे यातच गेले आहेत. फाइल कोठे हलवावी, एवढेच कृपया सांगावे.

निशाचर: कोणते कर्नेल? चिप कोणत्या बसवर (जोडणीच्या मार्गावर) आहे आणि ती नेमके काय करते?

रजिस्टरवाला: लिनक्स. आयटूसी ही दोन तारांची बस आहे, म्हणून 'ड्रायव्हर्स/आयटूसी'चाही विचार केला होता.

ध्रुवतारा: तेथे ठेवू नका. ती जागा मुख्यतः बस चालवणाऱ्या कंट्रोलरच्या ड्रायव्हरांची आहे, बसला जोडलेल्या चिपांची नव्हे. लिनक्समध्ये ड्रायव्हरची जागा साधारणतः तो कोणती सेवा पुरवतो यावरून ठरते: यंत्राच्या तापमानावर व व्होल्टेजवर देखरेख असेल तर एचडब्ल्यूमॉन ही डिरेक्टरी, सर्वसाधारण मोजमापाचा एडीसी (व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग) असेल तर आयआयओ ही डिरेक्टरी. म्हणूनच आयटूसी आणि एसपीआय अशा दोन्ही बसवर चालणाऱ्या चिपचा ड्रायव्हर दोन ठिकाणी विभागला जात नाही. मुख्य फाइल एक, तिच्या शेजारी प्रत्येक बससाठी एक छोटी फाइल, आणि मधे रेगमॅप (चिपची रजिस्टरे, म्हणजे तिच्यातील नियंत्रणाच्या छोट्या जागा, वाचण्या-लिहिण्याची कर्नेलमधील सामायिक सोय), अशी मांडणी सर्रास आढळते.

जुनाजाणता: नेटबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये चिपच्या ड्रायव्हरचा गाभा 'सिस/डेव्ह/आयसी'मध्ये आणि पीसीआय बसच्या जोडणीचा भाग 'सिस/डेव्ह/पीसीआय'मध्ये असतो. मला ती व्यवस्था अधिक स्वच्छ वाटते.

ध्रुवतारा: स्वच्छ आहे, हे मान्य, परंतु लिनक्समध्ये एडीसीचा कोड तपासणारी व्यक्ती एडीसी जाणणारी असावी लागते, आणि डिरेक्टरी बरोबर निवडली की कोड आपोआप तिच्याकडे जातो.

प्रयोगशील: तूर्त स्टेजिंग या डिरेक्टरीत टाका. २००८ मध्ये २.६.२८ आवृत्तीपासून ती सोय अशाच कोडसाठी आहे.

निशाचर: अशा कोडसाठी ती नाही. ज्याचा दर्जा अजून वृक्षाच्या (कर्नेलच्या अधिकृत कोडच्या) मुख्य भागात येण्याजोगा झालेला नाही, असा कोड तेथे उरलेल्या कामांच्या यादीसह राहतो. येथे प्रश्न दर्जाचा नसून जागेचा आहे.

मॉड्यूलप्रेमी: डीकेएमएस हे साधन वापरून मॉड्यूल (कर्नेलला वेगळा जोडता येणारा भाग) वृक्षाबाहेर बांधता येते, कर्नेल बदलले की ते पुन्हा आपोआप बांधले जाते.

रजिस्टरवाला: मला तो वृक्षातच हवा आहे. चिपमध्ये आठ वाहिन्यांचा एडीसी, काही जीपीआयओ (सर्वसाधारण वापराच्या) पिना आणि वॉचडॉग (यंत्र अडकल्यास ते पुन्हा सुरू करणारा टायमर) आहे. हे सारे एकाच फाइलमध्ये आहे.

ध्रुवतारा: हेच सुरुवातीला सांगायला हवे होते. 'मिस्क' नाकारले जाण्याचे कारण बहुधा हेच असावे. आयटूसीची जोडणी, रेगमॅप आणि इंटरप्टची (चिपकडून येणाऱ्या इशाऱ्यांची) वाटणी एवढाच गाभा 'ड्रायव्हर्स/एमएफडी' या अनेक कामे करणाऱ्या चिपांच्या डिरेक्टरीत ठेवा. एडीसी 'आयआयओ/एडीसी'त, पिना 'जीपीआयओ'त, वॉचडॉग त्याच्या डिरेक्टरीत न्या आणि प्रत्येकाचा वेगळा पॅच (पाठवायचा बदल) करा. डिव्हाइस ट्रीत (बोर्डावरील उपकरणांच्या वर्णनात) चिप कशी नोंदवायची हे सांगणारे बाइंडिंग डॉक्युमेंटेशनखाली यामल या मजकूर-स्वरूपात लिहा. पॅच कोणाला पाठवायचे हे 'गेट_मेंटेनर' स्क्रिप्ट सांगेल.

रजिस्टरवाला: एक अडचण राहते. एडीसी आणि वॉचडॉग यांची नियंत्रणे एकाच रजिस्टरच्या वेगवेगळ्या बिटांत आहेत. दोन ड्रायव्हर झाल्यावर एकाने लिहिलेले दुसरा पुसणार नाही का?

निशाचर: दोघांनीही गाभ्याचाच रेगमॅप घ्यावा आणि लिहिताना 'रेगमॅप_अपडेट_बिट्स' वापरावे. वाचणे, बदलणे आणि परत लिहिणे या तिन्ही क्रिया ते एकाच कुलपाखाली करते.